निदानाआधीचं पालकत्व



ज्या शिक्षिकेच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी वर्गातल्या 'त्रासदायक' मुलांची बाजू आयुष्यभर लावून धरली. मुलाला वर्गाबाहेर उभं करण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन यायचं, हा त्यांचा शिरस्ता होता, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा आज कशावर बोलायचं, याचा मला फार विचार करावा लागला नाही.

तेरा-चौदा वर्षांचं मूल दार आपटतं, ताट भिरकावतं, आईवर हात उगारतं, आठवडा-आठवडा शाळेत जात नाही, अशा घरांबद्दल मला बोलायचं आहे. या घरात कधीतरी शाळेच्या समुपदेशकाने किंवा नात्यातल्या एखाद्या डॉक्टरने दबक्या आवाजात विचारलेलं असतं, "याला ऑटिझम तर नसेल?" त्या प्रश्नापासून उत्तरापर्यंत अनेकदा महिने जातात, काही घरांत वर्षं जातात. मधल्या काळात रोज सकाळ उजाडते, डबा भरावा लागतो, परीक्षा येतात आणि रात्री पुन्हा दार आपटलं जातं. लहान मुलांच्या स्वमग्नतेवर आता मराठीत बरंच लिहिलं-बोललं जातं. या मधल्या काळातल्या आई-वडिलांशी मात्र फारसं कुणी बोलत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. घर बदलण्यासाठी निदानाची वाट पाहायची गरज नाही. आणि मुलाचा स्फोट झाला की 'आता याला काय शिक्षा करायची' याच्या आधी 'आज याला काय झेपलं नाही' हा प्रश्न विचारायला हवा. ऑटिझम असो वा नसो, हा क्रम बदलत नाही.

पहिली शंका अशी, की मूल चौदा वर्षांचं होईपर्यंत हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? या प्रश्नाने पालक स्वतःला फार छळतात, म्हणून थोडा इतिहास सांगते. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि ऑटिझमचं जे चित्र डॉक्टरांच्या मनात पुढची कित्येक वर्षं राहिलं, ते तिथून आलं : माणसांपासून अलिप्त, संवादाच्या ठळक अडचणी असलेलं लहान मूल. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी अस्खलित बोलणाऱ्या, एखाद्या विषयात गढून गेलेल्या मुलांबद्दल लिहिलं. त्याच्याही आधी, १९२६ मध्ये, मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच सहा मुलग्यांची बारकाईने नोंद केली होती. पण ही दोन्ही कामं इंग्रजी वाचणाऱ्या जगात दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. लंडनच्या लॉर्ना विंग यांनी १९८१ मध्ये अ‍ॅस्पर्गर यांचं काम पुढे आणलं. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि स्वतः एका ऑटिस्टिक मुलीच्या आईही होत्या. बोलणारी, शिकणारी मुलंही याच पटात बसतात, हे त्यांनी ठामपणे मांडलं. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदान-नियमावलीत हे सगळे प्रकार 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या एकाच नावाखाली आले. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांबद्दलची अति किंवा अल्प संवेदनशीलता निदानाच्या निकषांत समाविष्ट झाली तीही तेव्हाच. म्हणजे तुमचं मूल बालवाडीत होतं तेव्हा तुमच्या डॉक्टरांच्या मनात कदाचित अजून जुनंच चित्र असेल.

आणि आपल्या घरांतही ही मुलं सहज सामावून जातात. गणितात पैकीच्या पैकी. रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ. बोलणं पुस्तकी. पाहुणे आले की आतल्या खोलीत. आपण म्हणतो, "हुशार आहे, जरा हट्टी आहे, आजोबांवर गेलाय." आई नकळत सगळं सावरत असते. ठरावीकच भाजी, टोचणारं लेबल कापलेला शर्ट, वाढदिवसाला बोलवायचे ते दोनच मित्र. सातवी-आठवीत हे सावरणं अपुरं पडू लागतं. प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात, गटात मिळून प्रकल्प करायचे असतात, मित्रांच्या बोलण्यात टोमणे आणि आडून केलेले विनोद वाढतात, शाळेनंतर क्लास लागतो आणि शरीरही बदलू लागतं. मूल तेच असतं, त्याच्याकडून होणाऱ्या अपेक्षा मात्र एकदम दुप्पट होतात.

मुलींच्या बाबतीत तर हे आणखी उशिरा कळतं. अनेक मुली मैत्रिणींचं बघून बघून हसायला, बोलायला, मान डोलवायला शिकतात. दिवसभर ती नक्कल निभावतात आणि घरी आल्यावर कोसळतात. शिक्षक सांगतात, "शाळेत तर किती शहाण्यासारखी असते!" यातून अर्थ काढला जातो, की दोष घरातच आहे. खरं तर घर ही तिला कोसळता येईल अशी एकमेव जागा असते.

'दोष घरात आहे' या वाक्याने जगभर फार नुकसान केलं आहे. कॅनर यांनीच पालकांच्या थंडपणाबद्दल लिहिलं होतं. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जे स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते, १९६४ मध्ये पुस्तक लिहून ऑटिझमचं मूळ जैविक असल्याची बाजू मांडली. तरीही १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने आईवरचा ठपका आणखी दूरवर पोचवला. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे दाखवलं. विज्ञानाने आईला दोषमुक्त करून आता जवळजवळ पन्नास वर्षं होतील. आपल्या नातेवाइकांपर्यंत तो निकाल अजून पोचलेला नाही. "नोकरी करते ना, लक्ष कुठून असणार", "लाडावून ठेवलाय", "दोन ठेवून द्या, सरळ येईल." इथे बसलेल्या प्रत्येकाला मी सांगते : ऑटिझम आईच्या वागण्याने होत नाही आणि माराने जात नाही. मार खाऊन मूल एवढंच शिकतं, की ज्याची ताकद जास्त त्याने हात उचलायचा. पंधराव्या वर्षी त्याची ताकद आईपेक्षा जास्त होते.

आता स्फोटाकडे येऊ. अनेक घरांत पाहिलेलं एकत्र करून एक दिवस तुमच्यापुढे ठेवते. नववीतला मुलगा. सकाळी बसमध्ये त्याच्या नेहमीच्या जागेवर दुसरं कुणी बसलं. दोन तास वर्गातली ट्यूबलाइट फडफडत राहिली. खेळाचा तास ऐन वेळी रद्द करून तिथे विज्ञान घेतलं. गटप्रकल्पात त्याला कुणी घेतलं नाही, मग बाईंनी एका गटात ढकललं. मधल्या सुट्टीतल्या गोंगाटात तो डबा न खाता बसला आणि भूक लागल्याचं त्याला जाणवलंही नाही. संध्याकाळी क्लास. साडेसातला घरी आला तर न सांगता आत्या आलेली. "ये रे, किती मोठा झालास!" म्हणत तिने त्याला जवळ ओढलं. तो हात सोडवून घेऊन कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला. वडील म्हणाले, "पाहुण्यांसमोर तो मोबाइल ठेव आधी." आणि मोबाइल भिंतीवर आदळला.

वडिलांच्या लेखी भांडण मोबाइलवरून झालं. मुलाच्या लेखी ते सकाळी सातपासून साठत आलं होतं.

पालक ज्याला मेल्टडाऊन म्हणतात तो प्रकार आणि हट्ट यांत फरक आहे. हट्ट करणारं मूल तुमच्याकडे अधूनमधून बघत असतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये हवं ते दिलं तरी मूल थांबू शकत नाही. ओसरल्यावर ते गळून जातं, झोपतं, रडतं, कित्येकदा शरमतं. पण किशोरवयात या दोन गोष्टींची सरमिसळ होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. असह्य झालं म्हणून सुरू झालेली आरडाओरड दर वेळी अभ्यासातून सुटका करून देत असेल, तर हळूहळू तिची सवयही लागते. म्हणून प्रश्न दोन आहेत : याला काय झेपलं नाही, आणि यातून याला काय मिळालं? पहिल्याचं उत्तर शोधल्याशिवाय दुसऱ्याकडे वळू नये.

त्यासाठी एक साधी वही ठेवा. आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. शेजारी झोप, जेवण, शौचाची तक्रार, मुलीची पाळी आणि शाळेतला त्या दिवसाचा बदल लिहा. थोड्याच आठवड्यांत आकार दिसू लागतो. रविवारची संध्याकाळ. तोंडी परीक्षेचा आदला दिवस. लग्नघर. गणपतीत ढोल-ताशे खिडकीखालून जातात ती रात्र. आणि शरीर विसरू नका. ही मुलं दुखणं नीट सांगतीलच असं नाही. किडलेला दात, बद्धकोष्ठता, अर्धशिशी, अपुरी झोप यांतून चिडचिड उफाळते. ऑटिझम असलेल्या काही मुलांना फिट्स किशोरवयात प्रथमच येतात. वागणं अचानक बदललं, मूल मध्येच हरवल्यासारखं होऊ लागलं, तर समुपदेशनाआधी डॉक्टरांकडून तपासणी हवी.

डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलेला एक विचार मला इथे मोलाचा वाटतो. आपण म्हणतो, या मुलांना दुसऱ्याचं मन कळत नाही. मिल्टन म्हणतात, अडचण दोन्ही बाजूंनी आहे. इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन कळत नाही. फरक एवढाच, की आपण संख्येने जास्त असल्यामुळे समजून घेण्याचं सगळं ओझं त्याच्यावर टाकतो. आत्याने जवळ ओढलं त्या क्षणी घरातल्या एकालाही त्याचं मन कळलं नव्हतं.

मग घरात करायचं काय? स्फोटाच्या वेळी शब्द कमी, आवाज खाली. एकाच मोठ्या माणसाने बोलावं, बाकीच्यांनी खोलीबाहेर जावं. दंड धरू नये, "माझ्याकडे बघून बोल" म्हणू नये, बाहेर जायची वाट अडवू नये. सुरी, कात्री, काचेच्या वस्तू आधीच हाताबाहेर ठेवलेल्या असाव्यात. धाकट्या बहिणीने अशा वेळी कोणत्या शेजारणीकडे जायचं, हे शांत दिवशी ठरवून ठेवावं आणि तिला एकदा करूनही दाखवावं. त्या रात्री उपदेश नको, तो त्याच्या डोक्यात शिरतच नाही. दुसऱ्या दिवशी थोडक्यात बोलावं. समोरासमोर जमत नसेल तर चिठ्ठी लिहावी, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं. बरीच मुलं लिहून जास्त खरं बोलतात. आणि फुटलेलं, सांडलेलं त्याने तुमच्या सोबतीने, अपमान न करता, आवरावं.

मर्यादा असायलाच हवी. "घरात कुणीही कुणाला मारायचं नाही." हे एकच वाक्य आई, वडील आणि आजी-आजोबा सगळ्यांनी सारखंच म्हणायचं आणि सगळ्यांनी पाळायचं. हैम ओमर या इस्रायली मानसशास्त्रज्ञाने अशा कुटुंबांसाठी अहिंसक प्रतिकाराची एक पद्धत तयार केली, तिचा गाभा हाच आहे : पालकाने लढायचंही नाही आणि माघारही घ्यायची नाही, ठाम राहायचं आणि एकट्याने झुंजायचं सोडून विश्वासातली माणसं सोबत घ्यायची. मामा दुसऱ्या दिवशी येऊन शांतपणे म्हणतो, "काल काय झालं ते मला कळलं. मला तू आवडतोस. आईला मारणं चालणार नाही. पुढच्या वेळी मी काय मदत करू?" घरातली गुप्तता तुटली की हिंसेचं बळ कमी होतं.

याच्या जोडीने अपेक्षांची यादी करा आणि तिला निर्दयपणे कात्री लावा. आलेल्या प्रत्येकाच्या पाया पडणं, सगळ्या भाज्या खाणं, लग्नाला तीन तास बसणं हे काही महिने सोडून द्या. सुरक्षितता, झोप आणि कोणत्या ना कोणत्या स्वरूपात शाळेशी नातं, हे धरून ठेवा. बदल आधी सांगा आणि भिंतीवर लिहून ठेवा. मोबाइल किती वेळ, हे शांत दुपारी त्याच्याशी बोलून ठरवा. हातातून हिसकावू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन यांनी १९९८ च्या आपल्या पुस्तकात एका वेळी एकच अडचण घेऊन ती मुलाच्या साथीने सोडवायची रीत सांगितली आहे. अनेक घरांत ती उपयोगी पडताना मी पाहिली आहे, कारण तिची सुरुवात मुलाचं म्हणणं ऐकण्यापासून होते.

हे लाड आहेत का? नाहीत. मुलाला झेपेल एवढं काम देणं आणि ते नेटाने करून घेणं ही जगातली सर्वांत कष्टाची शिस्त आहे.

इथे मला अशा गोष्टीबद्दल बोलायचं आहे, जिच्याबद्दल आपल्याकडे कुणी तोंड उघडत नाही. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून दंडावरचे वळ झाकणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. नवऱ्याला सांगत नाहीत, कारण तो मुलाला मारेल. माहेरी सांगत नाहीत, कारण लोक मुलाला नावं ठेवतील. अशा आईला मी सांगते : तुमच्या मुलाला गुन्हेगार न ठरवताही तुम्हाला मार लागतोय असं म्हणता येतं. ते म्हणा, डॉक्टरांना सांगा. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा २०२२ पासून चोवीस तास चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मूल "मला जगायचं नाही" म्हणालं, तर ती धमकी समजू नका. ऑटिस्टिक किशोरांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्याच दिवशी मदत घ्या, त्याला एकटं सोडू नका.

आता निदानाबद्दल. ऑटिझम सांगणारी रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. बालमनोविकारतज्ज्ञ, विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मुलाचा सगळा इतिहास घेतात, त्याच्याशी बोलतात, निरीक्षण करतात. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं, शिक्षकांचे शेरे, लहानपणीचे व्हिडिओ आणि ती वही घेऊन जा. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. पण अनुभवी तज्ज्ञ केवळ गुणांवर थांबत नाही. एडीएचडी, अध्ययन अक्षमता, चिंता, मंत्रचळ, नैराश्य, शाळेतला छळ, कुणाकडून झालेला अत्याचार, हे सगळं तो तपासतो. यांतल्या दोन गोष्टी एकत्रही असू शकतात. २०१३ पूर्वीच्या अमेरिकन नियमावलीत ऑटिझम आणि एडीएचडी ही निदानं एकत्र करताच येत नव्हती. आज ती सर्रास एकत्र आढळतात. मुंबईचं उम्मीद बालविकास केंद्र, ठाण्याची आयपीएच, पुण्याचं प्रसन्न ऑटिझम सेंटर यांसारख्या संस्था आपल्याकडे आहेत. शहरापासून दूर असाल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे.

याच काळात पालक सर्वांत हळवे असतात आणि बाजार ते ओळखून असतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असं सांगितलं आहे. 'पूर्ण बरा करू' म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा आणि दागिने मोडू नका. औषधांचं म्हणाल, तर रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्राझोल यांना अमेरिकेत अनुक्रमे २००६ आणि २००९ मध्ये ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी मान्यता मिळाली. ती ऑटिझमवरची औषधं नव्हेत. वजन वाढण्यासारखे परिणाम असतात. इजा होण्याची वेळ येते तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती आधार देतात, आणि अशा वेळी ती घेण्यात कमीपणा नाही.

निदान 'आहे' असं आलं, तर ते आधी मुलाला सांगा. ते त्याचं आहे. वर्षानुवर्षं स्वतःला 'वाईट मुलगा' समजणाऱ्या पोराला आपल्या वागण्याला काही कारण आहे हे कळणं हाच पहिला उपचार असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निरामय आरोग्य विमा आहे आणि अठरा वर्षांनंतर गरज असेल तर कायदेशीर पालकत्वाची सोय आहे. 'गरज असेल तर' यावर मी जोर देते. अनेक ऑटिस्टिक प्रौढ आपले निर्णय स्वतः घेतात.

आणि उत्तर 'नाही' आलं, तर? वहीतून मूल कळलं, घरातला आरडाओरडा कमी झाला, मारणं थांबलं, आई एकटी राहिली नाही. यातलं काय वाया गेलं? म्हणूनच मी म्हणते, वाट पाहू नका.

शेवटी, त्या आईच्या भोवतीच्या बाकी सगळ्यांशी बोलायचं आहे. शिक्षकांनो, त्याला वर्गासमोर झापू नका. असह्य झालं की न विचारता उठून जाता येईल अशी एक जागा आणि भरवशाची एक व्यक्ती शाळेत ठेवा. वडिलांनो, शाळेच्या सभेला आणि डॉक्टरांकडे तुम्ही जा. 'तूच बघ' हे दोन शब्द घरातून हद्दपार करा. नातेवाइकांनो, सल्ला देण्याऐवजी धाकट्या भावंडाला एखादा रविवार आपल्याकडे घेऊन जा. शेजाऱ्यांनो, रात्री आवाज आला तर सोसायटीच्या ग्रुपवर लिहिण्याआधी सकाळी जाऊन विचारा, "काही हवंय का?"

या मुलाचं पालकत्व यशस्वी झालं हे कशावरून ओळखायचं? तो गप्प बसला, सांगितलेलं ऐकू लागला, यावरून नाही. पुढे मोठा झाल्यावर, भरल्या घरातून उठून, कुणावरही हात न उगारता त्याला म्हणता आलं पाहिजे, "मला आता झेपत नाहीये, मी थोडा वेळ आत जातो." आणि ते ऐकणाऱ्या माणसांनी त्याला जाऊ दिलं पाहिजे. यातलं पहिलं काम त्याच्या आई-वडिलांनी हाती घेतलं आहे. दुसरं आपल्या सगळ्यांचं आहे, आणि त्यासाठी कुणाच्याही प्रमाणपत्राची गरज नाही.